हरणाची सही

ब्रेडच्या डब्यामागे काहीतरी ‘टिंग’ वाजलं आणि पाऊण तासाच्या मेहनतीने घरात जमवलेली शांतता तडकली.

मारिट जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत आठ महिन्यांच्या ओटोने एक लांब उसासा टाकला, रडावं की झोपावं याचा जरा विचार केला आणि झोपायचं ठरवलं. शेजारच्या पलंगावर साडेचार वर्षांची रूथी तोंड उघडं टाकून उताणी पसरली होती. जागेपणी त्या तोंडातून सकाळपासून शंभरेक प्रश्न बाहेर पडले होते. गांडुळाला कोपर का नसतं, हा त्यातला सोपा.

मारिटने तिसऱ्यांदा गरम केलेल्या कॉफीचा कप हळूच ओट्यावर ठेवला आणि डब्यामागे डोकावली. ग्रॅडीचा फोन. लाकडाच्या गिरणीत कामावर जाताना तो चार्जिंगलाच विसरून गेला होता. नवऱ्याचा फोन चाचपणाऱ्या बायकांपैकी मारिट नव्हती. पण फोन आपणहून उजळला होता आणि त्यावर आपणहूनच एक फोटो आला होता, त्याला ती तरी काय करणार.

फोटोत एक ओढा होता. ओढ्यावर बर्चचा ओंडका आडवा पडला होता आणि त्यावरून एक बाई पाठमोरी चालली होती. पाठीवरच्या झोळीत बाळ, हाताला धरलेली एक छोटी मुलगी. बाईला कॅमेरा दिसला नव्हता. मुलीला दिसला होता. मागे वळून, गोंड्याच्या नारिंगी टोपीखालून, तिने कॅमेऱ्याला जीभ दाखवली होती.

फोटो आजचाच होता, सकाळी साडेनऊचा. आणि तो ग्रॅडीने पाहिला असता तर मारिटची पहिली सकाळ गेली होती.

पहिली सकाळ म्हणजे नोव्हेंबरातला तो शनिवार, ज्या दिवशी बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, त्यांच्या गावात, त्या सकाळी दात दुखला तर दुखू द्यावा लागतो, कारण दातांचा डॉक्टर झाडावर असतो. नळ फुटला तर वाहू द्यावा लागतो. मुलं सांभाळायला कुणी मिळेल ही तर आशाच नको. शेजारच्या सत्तरीच्या मिसेस डाल उजाडायच्या आत बंदूक खांद्याला लावून निघून गेलेल्या असतात. त्यामुळे ज्या घरात लहान मुलं, त्या घरातून नवराबायकोपैकी एकालाच जाता येतं. गेली पाच वर्षं ग्रॅडी जात होता. मारिट एका वर्षी पोटुशी होती, मग अंगावर पाजत होती, मग रूथीला गोवर नव्हे पण गोवरासारखं काहीतरी झालं होतं, मग पुन्हा पोटुशी. पाच वर्षं पहिल्या सकाळी तिने पॅनकेक केले.

खरं म्हणजे दोघांत शिकारी तीच. ग्रॅडीने जन्मात कधी हरीण शोधलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी शेजारच्या शेतातल्या एका मेपलला शिडी ठोकून ठेवली होती. शिडी चढायची, बसायचं, आणि शाळेची बस यावी तसं हरीण यायचं. चाळीस वर्षं हे असंच चाललं. या उन्हाळ्यात ते शेत शिकागोच्या कुणा माणसाने विकत घेतलं आणि कुंपणाच्या एक सोडून एक खांबावर ‘आत येऊ नये’ अशी पिवळी पाटी लावली. मेपल तिकडे, शिडी तिकडे, आणि बिचारा ग्रॅडी इकडे.

राहिलं ते मैलोन्‌मैल पसरलेलं सरकारी रान. कुणीही जावं, कुठेही बसावं. पण कुठे बसावं हे सांगणारं कुणी नाही. तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे ऑरिन ब्रेकी यांनी, आपल्या वडिलांच्या वेळचा नियम बाहेर काढला: जागा शोधेल त्याची पहिली सकाळ. दोघांनी वेगवेगळं हिंडावं, हंगामाच्या आधीच्या शुक्रवारी पुरावा दाखवावा, निवाडा ऑरिन देतील. ग्रॅडीने मोठ्या मनाने हे कबूल केलं. इतक्या मोठ्या मनाने की मारिटने ते लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला.

तिला हरीण हवं होतंच, फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीच्या सॉसेजची एकच पिशवी उरली होती. पण त्याहून जास्त तिला ते चार तास हवे होते. चार तास एका झाडाला टेकून बसायचं. गार हवा, हातात थर्मास, आणि आजूबाजूला जे काही असेल त्याला तिच्याकडून काही नको. कुणी आई म्हणणार नाही. कुणी का म्हणणार नाही. मुलांवर तिचा जीव होता. म्हणूनच तर पाच वर्षांत हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आणि जागा तिला सापडली होती. ओढ्याच्या पश्चिमेला, गुडघाभर काळ्या दलदलीपलीकडे, जुन्या ओकच्या झाडांचं एक बेट होतं. झाडांच्या बुंध्यांवर शिंगं घासल्याच्या ताज्या खुणा, खाली ओकची फळं चावून टाकलेली. तिथे एका झाडाला तिने आपला जुना, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता. तो फोनवर फोटो पाठवत नसे. जाऊन कार्ड काढून आणावं लागे. पण ग्रॅडीचा हा नवा कॅमेरा त्या बेटापासून दोनशे पावलांवर लागला होता.

मारिटने फोटो पुसून टाकला. मग पुसलेल्या फोटोंच्या पेटीतूनही पुसला. मग कप उचलला आणि गार कॉफी उभ्यानेच पिऊन टाकली, कारण आता तिला विचार करायचा होता.

ग्रॅडीला तिथून हलवायला हवं होतं. त्याला सांगून तो हलला नसता. त्याला वाटायला हवं होतं की आपणच हुशारीने हललो.

*

रानाच्या पूर्वेला, गाड्या लावायच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्प्रूसची दाटी होती. लोक तिथे गाडीतून उतरायचे, जांभया द्यायचे, पँटी वर ओढायचे आणि आत खोल निघून जायचे. कुठलंही शहाणं हरीण मेलं तरी तिथे येणार नाही, याबद्दल मारिटला शंका नव्हती. तिने ती जागा निवडली.

माजावर आलेला नर पुढच्या पायांनी जमीन उकरतो, डोक्यावर लोंबणारी फांदी चावतो आणि उकरलेल्या मातीवर मुततो. ती त्याची सही. दुसरी हरणं येतात, हुंगतात, कोण होता ते वाचून जातात. ही सही मारिट आता खोटी करणार होती. बागेच्या खुरप्याने तिने परातीएवढी जमीन उकरली. वरची फांदी मोडून चुरगळली. खुरांच्या ठशांसाठी तिने मागच्या दारातल्या कोट अडकवायच्या फळीवरून एक खूर स्क्रू काढून आणला होता. ग्रॅडीच्या आजोबांनी मारलेल्या नराचा पाय, वाळवून, वाकवून, कोटासाठी ठोकलेला. साठ वर्षं त्यावर ब्रेकी घराण्याचे कोट लटकले होते. मारिटने तो मातीत चार ठिकाणी दाबला. ठसे झकास उमटले.

आता राहिला वास. दुकानात हरणाच्या मुताच्या बाटल्या मिळतात. पण मारिटने बाटली घेतली असती तर गल्ल्यावरच्या बाईने दुपारपर्यंत ते ग्रॅडीच्या गिरणीत पोचवलं असतं. ती खुरप्यावर हनुवटी टेकवून विचार करत असतानाच रूथीने तिची बाही ओढली.

“आई, मला शू आली.”

मारिटने लेकीकडे पाहिलं. मग परातीएवढ्या जमिनीकडे पाहिलं. काही माणसांच्या आयुष्यात वेळेवर मदत धावून येते.

“ये इकडे,” ती म्हणाली. “आज आपण हरणाला चिठ्ठी लिहायची आहे.”

रूथीला हे फार आवडलं. चिठ्ठीत काय लिहिलंय, हरणाला कोणती भाषा येते, त्याने उत्तर दिलं तर ते आपण कसं वाचायचं, असं तिने लगोलग विचारून घेतलं. मारिटने तिला सांगितलं की हे आपलं दोघींचं गुपित. रूथीने तोंडाला कुलूप लावल्याचा अभिनय केला आणि किल्ली ओटोच्या झोळीत टाकली.

पूर्वेकडची माती लाल होती, ओढ्याकडची काळी. त्या संध्याकाळी मारिटने लाल चिखलाने माखलेले बूट मुद्दाम दारात ठेवले आणि ग्रॅडी घरात शिरताच घाईघाईने वर्तमानपत्राखाली लपवले. लपवताना त्याला दिसेल इतकी सावकाश घाई.

“कुठे गेलेलीस?” ग्रॅडीने टोपी काढत सहज विचारलं. तो सहज विचारायचा तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे.

“लायब्ररीत.”

“लायब्ररीत लाल माती असते?”

“नव्या पुस्तकांच्या बाजूला असते,” मारिट म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ग्रॅडी पूर्वेकडे गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा कॅमेरा ओढ्यावरून उठून स्प्रूसच्या दाटीत बसला, हे मारिटने ओटोला झोपवायला गाडी फिरवताना स्वतः पाहिलं. इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण खोटी सही शिळी दिसायला लागली की ग्रॅडीचं मन उडणार. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी, कॅमेऱ्याच्या मागून वळसा घालून, मायलेकी तिथे जायच्या. मारिट लांब काठीने माती हलवायची. कॅमेऱ्याचं तोंड ती तेवढ्यापुरतं टोपीने झाकायची. रूथी रस्त्यात स्ट्रॉच्या खोक्यातला सफरचंदाचा रस दोन-दोन प्यायची, कारण तिच्या मते चिठ्ठी मोठी लिहायला हवी होती.

ग्रॅडी खुलला. कामावरून येताना शीळ घालू लागला. भांडी घासायला स्वतःहून उभा राहू लागला, जिंकणारा माणूस हरणाऱ्याच्या घरी घासतो तशी. एकदा त्याने मारिटच्या खांद्यावर हात ठेवून, पॅनकेकच्या पिठात ताक घातलं की ते जास्त फुगतात, असंही सांगितलं. मारिटने दात आवळून हसून घेतलं. जाऊ दे, तिने मनात म्हटलं. एकच शुक्रवार.

त्याला ते सगळं पोटात मावेना, म्हणून एका रविवारी तो ऑरिनना जागा दाखवायला घेऊन गेला. ऑरिन सत्तरीचे, दोन्ही गुडघे दुखरे. तरी ते दोन्ही गुडघ्यांवर बसले. चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

“साडेपाच वर्षांचा आहे,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले. “तापट. आणि सफरचंदं खातोय.”

“सफरचंदं? इथे कुठे आली सफरचंदं?”

“नाक खोटं बोलत नाही, बाळा. जवळपास कुठेतरी जुनी बाग असणार. ती शोध.”

ग्रॅडी ती बाग दोन दिवस शोधत होता. एक दिवस त्यासाठी त्याने कामावर रजाही टाकली.

*

मारिटने आपल्या कॅमेऱ्याचं कार्ड गुरुवारी काढून आणलं. मुलं झोपल्यावर, ओट्याशी उभ्यानेच, तिने फोटो पाहिले. ऑक्टोबरभर ओकच्या बेटावर एक नर येत होता. दहा टोकांची शिंगं, डावा कान मधोमध फाटलेला. भर दुपारी यायचा, आळसावून फळं खायचा, कॅमेऱ्याकडे बघून रवंथ करायचा. मारिटला तो आवडायलाच लागला. अठ्ठावीस तारखेपर्यंत रोज. मग एकदम काही नाही. खारी. एक रॅकून. पुन्हा खारी.

असतं असं कधीकधी, तिने स्वतःला समजावलं. हे फोटो पुरे होते.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव लव्हर्नच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जमतं. राय ब्रेड, कोबीची कोशिंबीर, मोठ्यांना ब्रँडी, पोरांना चेरी घातलेला सोडा. ऑरिन कोपऱ्यातल्या टेबलाशी न्यायाधीशासारखे बसले होते. ओटो त्यांच्या मांडीवर काट्याचमच्याची चव घेत होता. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं आपापल्या ताटात पाहत होती आणि कान इकडे टाकून होती.

मारिटने आधी आपले फोटो दाखवले. ऑरिननी चष्मा वर केला, खाली केला, मान हलवली. जागा चांगली, असं ते म्हणाले. नर उत्तम. पण दोन आठवडे तो आलेला नाही. गेला कुठे?

“ते मी सांगतो,” ग्रॅडी म्हणाला आणि त्याने आपला फोन टेबलावर असा ठेवला, जसा कुणी हुकमाचा एक्का ठेवतो.

स्प्रूसची दाटी. परातीएवढी उकरलेली जमीन. आणि त्या जमिनीवर मान घालून, डोळे अर्धे मिटून, तल्लीन होऊन हुंगणारा दहा टोकांचा नर. डावा कान मधोमध फाटलेला. तारीख तीस ऑक्टोबर. एकतीस ऑक्टोबर. एक नोव्हेंबर. जवळजवळ रोज, सकाळी दहाच्या सुमारास, दूधवाल्यासारखा.

मारिटने तोंडाशी नेलेला माशाचा तुकडा परत ताटात ठेवला. स्वतःच्या हाताने तिने आपला नर आपल्या बेटावरून उठवून नवऱ्याच्या दारात नेऊन बांधला होता.

बोलायची सोय नव्हती. सही खोटी म्हणावं तर फोटोतला नर खराखुरा होता. वर, तिकडे ऑरिन आता रंगात आले होते. शेजारच्या दोन टेबलांना उद्देशून ते सांगत होते की त्यांनी नुसत्या वासावरून त्याचं वय सांगितलं, आहार सांगितला. आणि ठशांमध्ये उजव्या खुराला एक चीर आहे, अगदी त्यांच्या वडिलांनी मारलेल्या नराच्या खुराला होती तशी. साठ वर्षांनी तेच रक्त पुन्हा रानात फिरतंय, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा ओलसर झाला. लव्हर्नने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि ऐकत उभी राहिली.

“तर निवाडा असा,” ऑरिन म्हणाले, “की पहिली सकाळ—”

“आई,” रूथी कुजबुजली. रूथीची कुजबूज स्वयंपाकघरातून अंगणात ऐकू जायची. “आता सांगू?”

“काय सांगायचंय माझ्या चिमणीला?” ऑरिननी विचारलं.

“काही नाही,” मारिट घाईने म्हणाली. “तिला शूला जायचंय.”

“नाही,” रूथी म्हणाली. “मी तर तिथेच केली. आजोबांनी हुंगली ती.”

लव्हर्नच्या कढईत मासे तेवढे चुरचुरत राहिले. ऑरिननी आधी नातीकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे.

“सफरचंदं,” ते हळूच म्हणाले.

“रस. स्ट्रॉवाला. दोन खोकी,” रूथीने खुलासा केला. तोंडाचं कुलूप एकदा उघडलं म्हणताना तिने सगळंच सांगून टाकलं. खुरप्याचं सांगितलं, काठीचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. “आणि तो पाय पण हरणाचा नाही. तो कोटाचा आहे.”

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मग मात्र सगळा बार हसला. दातांचा डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून हसला. मिसेस डालनी डोळे पुसायला नॅपकिन मागितला. ग्रॅडीचे कान लाल झाले, मग मान, मग तो पुरता लाल होऊन बायकोकडे पाहत म्हणाला, “लायब्ररी?”

“नव्या पुस्तकांच्या बाजूला,” मारिट ताटाकडे पाहत म्हणाली.

“दोन दिवस मी बाग शोधली, मारिट. काट्यांतून. रजा टाकून.”

“पॅनकेकमध्ये ताक घालायचं ते मला कोण शिकवत होतं?”

ऑरिन मात्र हसले नाहीत. त्यांनी बोटं नीट पुसली, ब्रँडीचा एक घोट घेतला आणि टेबलावर दोनदा टकटक केलं. ज्याच्या वडिलांनी नियम केला त्याने तो आपली फजिती झाली म्हणून मोडायचा नसतो. बार हळूहळू गप्प झाला.

“जागा शोधेल त्याची पहिली सकाळ,” ते म्हणाले. “ग्रॅडी, ती जागा तू शोधलीस?”

“मी नाही तर काय. कॅमेरा माझा, फोटो माझे.”

“तू शोधली नाहीस, बाळा. तू तिथे सापडलास.” ते सुनेकडे वळले. “आणि तू गं? तू नराला तिथे बोलावलंस?”

खोटं बोलायचं बळ मारिटमध्ये उरलं नव्हतं. तिने मान हलवून नाही म्हटलं. तिने तर तो येणार नाही म्हणूनच ती जागा निवडली होती.

“मग ज्याची सही त्याची जागा,” ऑरिन म्हणाले. “रूथी ब्रेकी, पहिली सकाळ तुझी. बंदूक तुला उचलायची नाही, ती तुझी आई उचलेल. तुझं काम तिच्याशेजारी गप्प बसायचं.”

रूथीने चेरी तोंडात टाकली आणि गंभीरपणे मान डोलावली. मारिटला एकदम कढ आला, हसण्याचा की रडण्याचा हे तिला कळेना. पाच वर्षांनी पहिली सकाळ मिळाली होती. चार तास मिळाले होते. फक्त त्या चार तासांत तिच्या शेजारी रूथी असणार होती.

*

हंगाम उघडला त्या शनिवारी मारिट स्वयंपाकघरात आली तेव्हा ग्रॅडी आधीच उठून ओटोला कडेवर घेऊन ओट्याशी उभा होता. परातीत पीठ होतं. शेजारी ताकाचा डबा. त्याने भुवईने फ्रिज दाखवला.

कराराच्या कागदावर, त्याच चुंबकाखाली, एक छापलेला फोटो लावलेला होता. ओढा, ओंडका, पाठमोरी बाई, झोळीत बाळ, जीभ काढलेली मुलगी. खाली ग्रॅडीच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘फोनवरून गेला तरी कॅमेऱ्यात राहतो, बाईसाहेब.’

“कधी कळलं?” मारिटने विचारलं.

“कॅमेरा उचलला त्याच दिवशी. कार्ड बघितलं ना.”

“म्हणजे बेट तुला ठाऊक होतं?”

“हो. पण तुझ्या बुटांना लाल माती होती,” ग्रॅडी ओशाळून म्हणाला. “म्हटलं, बेट ही हूल असणार. तू इतकी सोपी थोडीच आहेस.”

मारिटने त्याच्या पीठ लागलेल्या गालाचा मुका घेतला आणि थर्मास भरून घेतला.

स्प्रूसच्या दाटीत त्या सकाळी दुसरं चिटपाखरू नव्हतं. मैदानात पिकअप ओळीने लागले होते, पण माणसं केव्हाच रानात खोल शिरली होती. आणि मुद्दाम इथे थांबायला, गावात कुणाची हिंमत होती? साडेचार वर्षांच्या पोरीच्या शूवर बंदूक घेऊन बसला होता, असं जन्मभर ऐकावं लागलं असतं.

दोघी एका जुन्या खोडाला टेकून बसल्या. कुणाची गोळी चुकून लागू नये म्हणून सारं नारिंगी घातलेली रूथी आईच्या डाव्या काखेत घुसून बसली होती, आणि मारिटच्या नवलाची गोष्ट म्हणजे ती गप्प होती. आठ वाजले. नऊ वाजले. फांद्यांवर गोठलेलं दव वितळून थेंब थेंब पडायला लागलं. काखेतल्या उबेमुळे मारिटच्या एका बाजूला घाम आला होता, दुसरी बाजू गारठली होती. कुणी आई म्हणत नव्हतं. तिला तिचे चार तास मिळत होते, आणि मधूनच ती स्वतःच हळूच वाकून पाहत होती, पोर जागी आहे ना.

दहाला दहा कमी असताना समोरचं स्प्रूस हललं. आधी शिंगं आली, मग फाटका कान, मग बाकीचा तो. चालत चालत तो त्या उकरलेल्या जमिनीपाशी आला. मान खाली घातली. नाक मातीला टेकवलं आणि पुष्कळ वेळ, मन लावून, हुंगत राहिला.

मारिटने बंदूक हळूच खांद्याला लावली. अंतर चाळीस पावलं. वारा समोरून. पाच वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते सगळं एका रेषेत आलं होतं. तिचं बोट चापाकडे सरकलं.

नराने मान वर केली आणि इकडे तिकडे पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, झाडांच्या मधून, जणू कुणाला तरी शोधत.

डाव्या काखेत काहीतरी हललं. रूथीने आपलं गार नाक आईच्या कानाला लावलं. ही कुजबूज मात्र खरी होती, पानावर पान पडावं इतकी लहान.

“आई, तो मला शोधतोय का?”